संमोहनाने तंबाखू सुटते का?

पनवेलजवळचे नावडे आता महापालिकेत आले, भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या; पण तिथल्या अनेक घरांचे घड्याळ अजून तळोजा एमआयडीसीच्या पाळ्यांवरच चालते. रसायनांच्या कारखान्यात काडी पेटवायला सक्त मनाई. त्यामुळे बिडी-सिगारेट गेटाबाहेर राहते आणि खिशातून आत जाते ती तंबाखूची पुडी व चुन्याची डबी. रात्रपाळीत डोळे जड झाले की तळहातावर मळलेली चिमूट ओठाखाली जाते. पुढे कधीतरी ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसतो. घरचे घाबरतात आणि कोणीतरी सुचवते, ‘संमोहन करून घ्या, एका बैठकीत सुटते म्हणे.’

हा सल्ला थट्टेवारी नेण्यासारखा नाही आणि जसाच्या तसा मानण्यासारखाही नाही.

संमोहन म्हटले की डोळ्यांसमोर लोलक फिरवणारा जादूगार येतो. प्रत्यक्षात या विद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होता गोव्यातल्या कांदोळीचा, १७५६ साली जन्मलेला धर्मगुरू, आबे फारिया. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे. त्या काळी युरोपात मेस्मरची चलती होती. उपचारकाच्या अंगातून अदृश्य चुंबकीय द्रव रुग्णात शिरतो, असे त्याचे म्हणणे. फारियाने पॅरिसमध्ये १८१३पासून जाहीर व्याख्याने देऊन ते खोडून काढले. उपचारकाकडून काहीही येत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेमुळे आणि त्याने स्वीकारलेल्या सूचनेमुळे, असे त्याने मांडले. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्याची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीत हळूच पुटपुटले, की ही समोरची सगळी भाजी आहे, काप! आणि त्याची जीभ मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, सूचना म्हणजे काय हे तिच्यातून नेमके कळते. १८१९ साली फारिया पॅरिसमध्येच वारला. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला तो पुढे १८४०च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने.

फारियाचा हा मुद्दा व्यसनाच्या बाबतीत फार कामाचा आहे. संमोहन ही झोप नव्हे. माणूस ऐकत असतो, बोलू शकतो, नको असेल तर डोळे उघडून उठू शकतो. शरीर सैल सोडून लक्ष एकाच गोष्टीवर आणले जाते आणि त्या अवस्थेत सूचना दिल्या जातात. रात्री दोनचा ठोका, मशीनचा आवाज, चुन्याचा वास, आणि तरीही हात खिशाकडे न जाता पाण्याच्या बाटलीकडे जातो, हे चित्र मनात पुन्हा पुन्हा उभे केले जाते. चांगला उपचारक हेच स्वतःचे स्वतः करायला शिकवतो. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढी मिनिटे काढायला स्वसंमोहन उपयोगी पडू शकते. सगळ्यांवर मात्र त्याचा सारखा परिणाम होत नाही. काही जण चटकन या अवस्थेत जातात, काही अजिबात जात नाहीत.

आणि ज्याला सोडायचीच नाही, बायकोने ओढून आणले म्हणून जो खुर्चीत बसला आहे, त्याच्यावर कोणाचीही सूचना चालणार नाही.

मग पुरावा काय सांगतो? धूम्रपान सोडण्यासाठी संमोहनावर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१९ साली अद्ययावत झाला. त्यात १४ चाचण्या आणि १९२६ माणसे होती. समुपदेशनासारख्या इतर उपायांपेक्षा किंवा स्वतःच्या बळावर सोडण्यापेक्षा संमोहन सरस आहे, असे त्यातून ठामपणे म्हणता आले नाही. चाचण्या लहान होत्या, दर्जाही यथातथाच. याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही. जाहिरातीत छातीठोकपणे सांगतात तसे सिद्ध झालेले नाही, एवढाच.

शिवाय हा सगळा हिशेब ओढण्याच्या तंबाखूचा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर मळून, चघळून किंवा मशेरी लावून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा रोगी त्या १४ चाचण्यांत जवळजवळ नाहीच.

निकोटिनचा त्रास, म्हणजे चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे, पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. एक बैठक एवढ्या दिवसांना कशी पुरणार? तिथे निकोटिनचे च्युइंगगम, डॉक्टरांच्या सल्ल्याने बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन आणि पुन्हा पुन्हा समुपदेशन यांचा आधार लागतो. संमोहन करायचेच तर त्यांच्या जोडीला करावे. आणि तो पांढरा चट्टा मात्र आधी दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. संमोहनाच्या बैठका संपेपर्यंत थांबू नये.

तंबाखूत फार तर पैसे आणि वेळ वाया जाईल. दारूत जीव जाऊ शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, ताप चढतो. घरच्यांना वाटते, संमोहनात काहीतरी बिनसले किंवा बाहेरची बाधा झाली. कोणी देवऋषाकडे धाव घेतो. हा ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ असतो आणि त्याची जागा रुग्णालयात आहे. डायझेपामच्या गटातली औषधे बेतून कमी करत नेणे, थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, पाणी-क्षार सांभाळणे हे कोणतीही सूचना करू शकत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांतही शरीराचा त्रास आधी औषधाने आटोक्यात आणतात, मनाचे दीर्घ काम त्यानंतर.

‘न कळत दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या हा तर आणखी वेगळा धोका. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस नेहमीसारखा प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. संमोहन निदान सांगून, संमती घेऊन तरी करतात.

संमोहन करणारा मानसोपचारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. भ्रमाचा मानसिक आजार आधी झाला असेल, तर तसे सांगावे. अशा रुग्णात संमोहन टाळतात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ ही आहे, दारू व इतर नशेसाठी १४४४६. तोंडाच्या कर्करोगाचे उपचार करणारे टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक नावड्याहून जवळच, खारघरला आहे. रात्रपाळी करणाऱ्याने सोडण्याचा पहिला दिवस शक्यतो साप्ताहिक सुटीला जोडून, दिवसपाळीच्या आठवड्यात धरावा. जागरणात तलफ आवरणे जास्त अवघड जाते.