गुरगुर ऐकू येईपर्यंत

राइट बंधूंनी १९०२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना पत्रं टाकली होती. आठ-नऊ हॉर्सपॉवरचं, ऐंशीएक किलोच्या आतलं आणि न थरथरणारं इंजिन कुणी देईल का, अशी त्यांची विचारणा होती. कामाचं उत्तर एकही आलं नाही. मग त्यांच्या सायकल दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर कामाला लागला आणि सहा आठवड्यांत त्यानं चार सिलिंडरचं इंजिन उभं केलं. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची ओतीव होती. आज आपण ज्याला कार्बोरेटर म्हणतो तसलं काही त्यात नव्हतं. पेट्रोल थेंबथेंब एका गरम खणात पडायचं आणि तिथंच त्याची वाफ व्हायची. चालू करताना ते जोरात असायचं आणि तापलं की बारा हॉर्सपॉवरवर यायचं. त्या बारांवर १९०३ साली माणूस उडाला.

हे आधी सांगायचं कारण, घरी विमान बांधणारे लोक पंख बांधतात, शेपूट बांधतात, कापड ताणतात, रिवेट ठोकतात. इंजिन मात्र टेलरनंतर फार थोड्यांनी स्वतः बनवलं. बाकीच्यांनी दुसऱ्या कशासाठी तरी बनवलेलं उचललं. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोलनं १९२९ मध्ये फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचं इंजिन आपल्या लाकडी विमानाला लावलं. फ्रान्समध्ये आँरी मिन्येच्या चिमुकल्या विमानात मोटरसायकलच्या जातीचं इंजिन होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचं इंजिन इतक्या घरगुती विमानांना बसलं की बीटल भंगारात काढताना आधी इंजिनाला गिऱ्हाईक शोधावं.

संपादकांना या लेखासाठी खरं तर माणूस हवा होता. कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात त्यांचं विमान मुंबईत लोकांनी पाहिलं आणि उड्डाणाची परवानगी हातात यायला २०१९ उजाडलं. त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं: विमान बांधून झालं, आता त्याच्या नाकावर काय लावायचं आणि लावल्यावर ते चालतं कसं ठेवायचं? म्हणून पुण्याच्या बाहेर, शेतांच्या मधोमध असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तिथं दोन आसनांचं, किटमधून जोडलेलं एक विमान उभं आहे. इंजिनाचं काम बघणारे गृहस्थ हवाईदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. नाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट. शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात.

नाकावर होतं रोटॅक्स ९१२. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनचा हा कारखाना. ९१२ चा जन्म १९८० च्या दशकाच्या शेवटचा. छोट्या विमानांच्या जगात हे इंजिन आज घरोघरी आहे. आपल्या एनसीसीच्या मुलांना उडवणाऱ्या 'व्हायरस' मायक्रोलाइटमध्ये हेच, आणि लष्कर वापरतं त्या हेरॉन ड्रोनमध्ये याचाच टर्बो लावलेला भाऊ ९१४. शंभर हॉर्सपॉवरच्या ९१२ ची क्षमता १३५२ सीसी आहे आणि नुसतं इंजिन साठेक किलोचं. शेजारी लायकॉमिंग कंपनीचं जुनं, विश्वासू ओ-३२० ठेवून बघा: ५.२ लिटर, दीडशे हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या वर. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या किटमधून बांधलेली ११ हजारांहून जास्त घरगुती विमानं उडाली, त्यातली बहुसंख्य लायकॉमिंगच्याच जोरावर.

लायकॉमिंग मिनिटाला २७०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं आणि पंखा थेट क्रँकशाफ्टला लावलेला असतो. रोटॅक्सला शंभर घोडे काढायला ५८०० फेरे लागतात, तेही फक्त पाच मिनिटं. पुढं ५५०० च्या वर ठेवायचं नाही. आता १.७ मीटर व्यासाचा पंखा घ्या आणि तो थेट ५८०० नं फिरवा. टोकाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या पुढं जातो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दीडपट. असा पंखा नुसता किंचाळेल, ओढणार काहीच नाही. म्हणून मध्ये २.४३ ला १ असा गिअरबॉक्स बसवलाय. पंखा २४०० च्या आसपास फिरतो आणि टोक सव्वादोनशे मीटरच्या आत राहतं. मोटारीचं इंजिन विमानाला लावणारे बहुतेक जण इथंच अडकतात. रस्त्यावर गाडी आपल्या ताकदीच्या चतुर्थांशावर निवांत धावत असते. विमानात तेच इंजिन तासन् तास पाऊण ताकदीवर ओढावं लागतं आणि वर घरी जोडलेल्या गिअरबॉक्सला पंख्याची मागंपुढं पिळवटणारी थरथर सोसावी लागते.

मामांना हे सगळं पुस्तकी वाटत असावं. त्यांचा जीव तेलात. ते विमानाजवळ गेले, इग्निशनची दोन्ही बटणं बंद असल्याचं बोट लावून बघितलं, मग पंख्याचं पान धरून हळूहळू फिरवायला लागले. प्रत्येक दाबावर दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढं.

"काय करताय?"

"ढेकर काढतोय," ते म्हणाले. "कान इकडं ठेवा."

मी काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, उघड्या झाकणाशी कान नेला. बरेच फेरे काहीच नाही. मग तेलाच्या टाकीतून एकदम गुरगुर आली, नळ संपताना येते तशी. मामांनी पंखा सोडला, डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली. तेल बरोबर मधल्या खुणेवर.

या इंजिनाला तेल परत टाकीत आणणारा पंपच नाही. पिस्टनच्या कडेनं निसटणारा जळका वायू क्रँककेसमध्ये दाब तयार करतो आणि तोच दाब खाली साचलेलं तेल टाकीत ढकलतो. इंजिन काही दिवस उभं राहिलं की तेल खाली झिरपतं आणि टाकी रिकामी दिसते. न ढकलता डिपस्टिक बघितली तर माणूस घाबरून वर तेल ओततो आणि नंतर ते सगळं श्वासनळीतून बाहेर येतं. पंखा उलटा फिरवायचा नाही, कारण मग तेलाच्या वाटेत हवा शिरते. नवीन इंजिन बसवताना तर प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत ते नुसतं फिरवायला लागतं. हे टाळलं तर व्हॉल्व्हचे टॅपेट कोरडेच चालतात. पंप वाचवून वजन वाचवलं आणि त्या बदल्यात माणसाला एक कायमचं काम लावून दिलं. मला ही योजना भारी आवडली.

दुसरं प्रकरण कार्बोरेटरचं. दोन आहेत, एकेका बाजूच्या दोन सिलिंडरांना एकेक. दोघांना जोडणारी बारीक नळी मामांनी काढली, तिच्या जागी दोन काट्यांच्या मीटरचे पाइप लावले आणि इंजिन चालू केलं. शेडच्या पत्र्यांतून कंप गेला. एक काटा जरा वर, एक खाली. "एक बैल ओढतोय, दुसरा नुसता बरोबर चालतोय," मामा ओरडून म्हणाले. थ्रॉटलच्या केबलवरचा नट त्यांनी अर्धा आटा फिरवला, पुन्हा बघितलं, पाव आटा परत. केबल वरच्या फेऱ्यांवर जुळवायची. मंद फेऱ्यांसाठी स्क्रू वेगळे. मंद गतीला १४०० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गिअरबॉक्स खडखडतो. दोन्ही बाजूंचं पटलं नाही तर सगळी थरथर त्या गिअरबॉक्सच्याच बोडक्यावर. काटे एका रेषेत आले तेव्हा शेडचा आवाजच बदलला. पत्रे वाजायचे थांबले.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. थ्रॉटलच्या दांडीला जी स्प्रिंग आहे ती दांडीला बंद करत नाही, पूर्ण उघडते. केबल तुटली तर इंजिन पूर्ण ताकदीवर जातं. मोटारीत हे भयंकर. हवेत मात्र वैमानिकाला धावपट्टीपर्यंत ओढून न्यायला तेच हवं. तिथं पोचून इग्निशन बंद करायचं आणि शांतपणे उतरायचं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मामांचं म्हणणं, इंजिन निवडणं सोपं. ते बसवणं हाच खरा धंदा. आकडेही तसंच सांगतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासानुसार घरगुती विमानं तिथल्या छोट्या विमानांच्या ताफ्यात दहा टक्क्यांच्या आसपास होती, पण २०११ मधल्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. कारणांत इंजिन बंद पडणं अगदी वरच्या बाजूला. त्यातही इंजिन स्वतःहून क्वचितच फुटतं. बऱ्याचदा त्याला पेट्रोलच पोचत नाही, पाइपाला कुठंतरी वळण पडतं, किंवा टाकीची हवेची नळी तुंबते. म्हणून गुरुत्वानं वाहणारं पेट्रोल उड्डाणाच्या गरजेच्या दीडपट आलं पाहिजे, पंपानं येणारं सव्वापट. मामांनी पाइप सोडून, शेपूट खाली करून, बादलीत मोजून बघितलं होतं. कॉकपिटच्या कागदावर पेन्सिलीनं आकडा लिहिला होता.

आणि मग आपली हवा. रोटॅक्सला उड्डाणाआधी तेल किमान पन्नास अंशांवर यावं लागतं. ऑस्ट्रियाच्या थंडीत तिथं त्यासाठी ताटकळतात. पुण्याच्या मे महिन्यात तो आकडा बोलता बोलता येतो आणि वर वर जातच राहतो. नव्वद ते एकशेदहाच्या मध्ये ठेवायला रेडिएटर कुठं लावायचा, हवा आत येण्यापेक्षा बाहेर जायची वाट मोठी कशी ठेवायची, यावर काउलिंगच्या पत्र्याला दोनदा कात्री लागली आहे. इंजिन बंद केल्यावर तर जास्तच पंचाईत. झाकणाखालची उष्णता पेट्रोलच्या पाइपात शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि दहा मिनिटांनी परत चालू करायला गेलं की ते खोकतं. त्यासाठी पाइपांवर आगप्रतिबंधक आवरणं, पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी, झाकणाला वरून झरोका. रबर तर दर पाच वर्षांनी सगळं बदलायचं: होज, कार्बोरेटर धरणारे सॉकेट, डायाफ्राम. विमान उडालं नसलं तरी बदलायचं. रबराला उन्हाळे मोजता येतात.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण पेट्रोल पंपावर उभी आहे. रोटॅक्सला साधं पेट्रोल चालतं हेच त्याचं मोठं आकर्षण. कारखाना दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलला परवानगी देतो. आपल्याकडं गेल्या काही वर्षांत पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं. इथेनॉल पाणी ओढतं, रबर फुगवतं आणि त्यात ताकदही कमी असते. मामा पेट्रोल आणलं की काचेच्या उभ्या नळीत घेतात, खुणेपर्यंत पाणी घालतात, हलवतात आणि ठेवून देतात. इथेनॉल पाण्यात जातं, पाण्याची रेघ वर चढते. किती चढली त्यावरून टक्का कळतो. त्या दिवशी रेघ बरीच वर चढली. मामांनी कॅन उचलून बाहेर उभ्या असलेल्या मोटरसायकलजवळ नेऊन ठेवला.

दुसरा मार्ग विमानाच्या पेट्रोलचा, म्हणजे अ‍ॅव्हगॅस १०० एलएल. इंडियन ऑइलनं ते २०२२ मध्ये गुजरात रिफायनरीतून काढायला सुरुवात केली; २०२४ च्या सुरुवातीला तर न्हावाशेव्याहून त्याची पिंपं पापुआ न्यू गिनीला गेली. पण त्यात शिसं असतं. ते प्लगवर आणि गिअरबॉक्सच्या तेलात साचतं, म्हणून तेल नेहमीपेक्षा लवकर बदलायचं. शिवाय पिंप घ्यायचं म्हणजे दोनशे लिटर, ते साठवायला परवाने आणि शेडपासून लांब पक्की खोली. विमानाचे मालक सध्या त्या खोलीच्या कागदांमागं आहेत. पाया खणून झालाय. इंजिन मामा दर आठवड्याला पंधरा मिनिटं चालवतात, तेल शंभर अंशांपर्यंत नेतात म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, आणि मग गुरगुर ऐकून डिपस्टिक बघतात.