पोलादाचे पाणी

मराठीत पाणी केवळ विहिरीला नसते. ते मोत्याला असते, माणसाला असते आणि तलवारीलाही असते. प्रतिपक्षाचे पाणी जोखणे, पाणीदार डोळे, हे प्रयोग आपण सहज करतो. परंतु विळ्या-कोयत्याला ‘पाणी देणे’ हा मात्र अलंकार नव्हे. लोहारशाळेतली ती रोजची क्रिया आहे आणि तिच्या पोटात पोलादाचे बरेचसे शास्त्र दडलेले आहे.

या शास्त्राचा नायक म्हणजे कर्ब, आपल्या कोळशातला कार्बन. खिळे, पत्रे, खिडकीचे गज यांच्या मऊ पोलादात तो किलोमागे अडीच ग्रॅमहून अधिक नसतो. तो सहा ते दहा ग्रॅमपर्यंत गेला, की पोलाद ‘उच्च-कर्ब’ ठरते. कानशीत तर बारा-तेरा ग्रॅमही असतो. किलोभर भाजणीत आपण मीठ घालतो त्याहूनही हे प्रमाण कमीच! पण मिठाप्रमाणेच सारी चव त्याच्यावर अवलंबून.

असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत लाल तापवले, की कर्ब लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतो. सावकाश निवू दिले, तर तो पुन्हा वेगळा होतो. पण एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, तर बिचाऱ्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच कोंडला जातो, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद कमालीचे कठीण होते. कठीण, पण काचेसारखे ठिसूळ!

म्हणून जाणता कारागीर त्याला पुन्हा बेताची आच दाखवतो. घासून लखलखीत केलेल्या पोलादावर आता रंग चढू लागतात: २२५ अंशांच्या सुमारास वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवायचे, कमानीला निळ्यावर. जुन्या घड्याळातली कमान निळसर दिसे, ती यामुळे.

या कमानीने एक मोठी क्रांतीही घडवली. बेंजामिन हंट्समन हा इंग्लंडमधला घड्याळजी. मनाजोगत्या कमानी मिळेनात, म्हणून त्याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव केले. दक्षिण भारतातले कारागीर त्याच्या कित्येक शतके आधी मुशीतच ‘उक्कू’ पोलाद करीत होते; त्यालाच युरोपात ‘वूट्झ’ हे नाव पडले.

आता कमानीविषयी एक गंमत पाहा. पाणी दिलेली पट्टी वाकायला अधिक जड, असा आपला समज असतो. तसे नाही. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या, एक मऊ आणि एक पाणी दिलेली, हलक्या वजनाखाली जवळजवळ सारख्याच वाकतात. फरक कळतो तो भार वाढवल्यावर. वजन काढले तरी मऊ पट्टी वाकडीच राहते. पाणीदार पट्टी सरळ होते. कमानीची खरी किंमत या परत येण्यात आहे.

मिरजेच्या तंबोऱ्यातल्या जोडाच्या पोलादी तारा, १८८३ साली खुल्या झालेल्या ब्रुकलिन पुलाला तोलणाऱ्या तारा, मालमोटारीचे पाटे, ही सारी याच गुणाची किमया. पाट्यांच्या पोलादात तर कर्बाच्या जोडीला सिलिकॉनही मिसळतात.

मात्र या परत येण्यालाही सीमा आहे. मर्यादेबाहेर ओझे लादले, की पाटा कायमचा बसतो. आणि मर्यादेत राहूनही लाखो हिसके खाल्ल्यावर गंजाच्या एखाद्या टिकलीपाशी, साध्या ओरखड्यापाशी बारीक तडा सुरू होतो. मग एके दिवशी, काही पूर्वसूचना न देता, पाटा मोडतो. अशा पाट्याला वेल्डिंगचा टाका मारणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि सांध्यालगतचा भाग ठिसूळ होतो. पाटा बदलणे हाच उपाय. चार पैशांच्या बचतीसाठी गाडीतल्या माणसांचा जीव टांगणीला का लावावा?

मोडका पाटा तरी वाया कुठे जातो? आपल्याकडचे घिसाडी त्याचे कोयते आणि विळे घडवतात. तेच पोलाद पुन्हा भट्टीत लाल होते, पुन्हा पाणी पिते आणि नव्या धारेने शेतात कामाला लागते.