गोलरक्षकांचे गुरुजी
मौद्यासारख्या गावातून मुलगी महाविद्यालयीन हॉकी संघात गेली, की पालक मुख्य प्रशिक्षकाची चौकशी करतात. सहायकाची पूर्वपीठिका क्वचितच विचारली जाते.

मीररंजन नेगींचे उदाहरण पाहावे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला, तेव्हा गोलरक्षक तेच होते. त्यांच्या निष्ठेवरही संशय घेतला गेला. पुढे ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले. १९९८ मध्ये बँकॉकला खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या संघाने आशियाई सुवर्णपदक मिळवले. २००२ मध्ये मँचेस्टरला महिलांनी राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले. दोन्ही वेळी नेगी सोबत होते.

सात गोल स्वीकारलेल्या माणसाला गोलरक्षकाचे एकटेपण समजावून सांगावे लागत नाही. म्हणून सहायकाची पदके मोजण्याआधी, पराभवानंतर तो कसा उभा राहिला, हे पालकांनी विचारावे.