चौफुल्याची थेटरं

पुणे–सोलापूर महामार्गाने कुरकुंभहून पुण्याकडे निघाले की पाटसच्या पुढे चौफुला लागतो. दौंड तालुक्यातल्या या फाट्यावर शिरूर आणि सुप्याकडचे रस्ते महामार्गाला मिळतात, आणि इथेच लावणीची कला केंद्रे आहेत. पाटीवर ‘कला केंद्र’ असले तरी कलावंत आणि रसिक त्याला थेटरच म्हणतात. इथे रंगते ती संगीत बारी.

फडाचा तमाशा वेगळा. त्याच्या सुपाऱ्या नारायणगावात ठरतात, तंबू-कनाती ट्रकमधून गावोगाव जातात आणि गण, गवळण, बतावणी, वग असा खेळ होतो. संगीत बारीत वग नाही, सोंगाड्या नाही; गाणे, नाच आणि अदा एवढ्यावरच सगळा डोलारा. पार्टी, म्हणजे कलावंतांचा संच, बाईच्या नावाने चालते आणि बहुधा तीच तिची मालकीण असते. पेटी, तबला आणि ढोलकी वाजवणारे पुरुष तिच्या पार्टीत वाट्याने काम करतात. एका थेटरात अशा अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. त्यांच्या खोल्या, चूल, तालीम सगळे त्याच आवारात. म्हणजे प्रेक्षक नाट्यगृहात येतो तसाच एका नांदत्या वस्तीतही येतो.

बारी म्हणजे पाळी. तिकीट काढून आत बसलेल्यांपुढे एकेक पार्टी आपल्या पाळीने रंगमंचावर येते. पायांतल्या चाळांचे वजन काही किलो भरते. ते बांधण्याआधी बाई त्यांना हात लावून नमस्कार करते. गाणे आवडले की प्रेक्षक पैसे देतो, त्याला दौलतजादा म्हणतात. ती एकट्या नाचणारीची कमाई नसते, पार्टीत तिचे वाटे पडतात.

खरी श्रीमंती मात्र बैठकीत असते. रंगमंचावर एखादी पार्टी मनात भरली, तर रसिक तिची खासगी बैठक ठरवतात. छोटी खोली, समोर चार-सहा माणसे. गाणारी बाई खाली बसूनच गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते: एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा नुसत्या भुवईने. शब्द तेच, अर्थ दर वेळी नवा. नाच करायला जागाच नसते, म्हणून सगळा भार चेहरा, बोटे आणि पदरावर येतो. ही अदा देशभर पोचवणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या.

अशा छोट्या खोलीतली जवळीक लंडनमध्येही सापडते; तिथे काही मद्यालयांच्या मागच्या खोलीत नाटके होतात. इस्लिंग्टनमधले किंग्ज हेड थिएटर १९७० मध्ये असेच सुरू झाले. कलावंत हाताच्या अंतरावर असणे ही त्या खोलीची आणि बैठकीची सारखीच गंमत. पण तिथे नाटक आधी बसवलेले असते. इथे रसिकाची फर्माईश आली की कार्यक्रम जागच्या जागी वळण घेतो, त्यामुळे जाणत्या रसिकावाचून बैठक अर्धीच राहते.

या कलेची किंमत बायकांनी मोजली आहे. कोल्हाटी समाजातल्या अनेक मुलींना घर पोसण्यासाठी लहानपणीच चाळ बांधावे लागले आणि लग्नाचा संसार नाकारला गेला. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये आईच्या आणि स्वतःच्या वाट्याला आलेले हे जगणे मांडले. लावणीचे कौतुक करताना ते पुस्तक विसरणे अन्यायाचे ठरेल. कलेची वाहवा आणि कलावंतिणीची हेटाळणी एकाच तोंडून होत आली आहे. भूषण कोरगांवकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने आणि त्यावरच्या रंगमंचीय प्रयोगाने या बायकांचे बोलणे आणि गाणे शहरी प्रेक्षकांसमोर आणले, हे मोठे काम झाले.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत थेटरं बंद पडली आणि रोजच्या वाट्यावर जगणाऱ्यांची मिळकत एका दिवसात थांबली. त्याआधीपासूनचे दुखणे वेगळेच आहे. सिनेमाची गाणी आणि तयार ट्रॅक यांची मागणी वाढली. ट्रॅक लागला की गळ्याचे काम उरत नाही आणि पेटीवाल्याचा वाटाही जातो. बैठकीच्या जुन्या लावण्या तोंडी शिकवल्या गेल्या आहेत. कुणी एखादी सांगितली, तर वयस्क बाई पुढे सरकते, पेटीवाल्याला सूर सांगते आणि मागे बसलेल्या मुली कान देतात. त्यांचे शिकणे तेव्हाच होते.