नुसतं हललं म्हणून वाजू नये

सांगलीत मी अलार्म आणि कॅमेरे बसवते. गिऱ्हाईक मुख्यतः बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजवाले आणि गोदामवाले. त्यांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं: "मॅडम, रात्री उगाच वाजतं." झोपमोड व्हायला लागली की वॉचमन सायरनची वायरच काढून ठेवतो. मग यंत्रणा असून नसल्यासारखी. म्हणून उगाच वाजणं मला चोरीइतकंच गंभीर वाटतं.

जुना पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. त्याला कुत्रंही पुरतं आणि तापलेल्या पत्र्याखालची गरम हवाही. साधा कॅमेरा मागच्या क्षणाचं चित्र आत्ताच्या चित्रातून वजा करतो आणि फरक दिसला की इशारा देतो. भिंतीवरून ट्रकचा हेडलाइट सरकला तरी. सगळ्यात छळतो तो कोळी. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी. काचेपुढचं जाळं वाऱ्यानं हललं की पडद्यावर पांढरंशुभ्र काहीतरी झुलत राहतं.

नवे कॅमेरे हललं ते काय, हेही पाहतात. 2005 मध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी चित्रातल्या कडांच्या दिशांवरून उभा माणूस ओळखायची पद्धत मांडली. आता हे काम असंख्य फोटोंवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क करतं. दिसलेल्या आकृतीभोवती ते चौकट आखतं आणि खात्री किती, याचा आकडा देतं, समजा 0.82. कितीच्या पुढे सायरन वाजवायचा, ते आपण ठरवायचं.

खरी मेख इथेच आहे. आकडा वर नेला की मांजरं गप्प होतात, पण चोरही निसटू शकतो. तो फोटो काढायला उभा राहिल्यासारखा थोडाच येणार? वाकून, रांगत, डोक्यावर पोतं घेऊन येईल, आणि शिकवणीच्या फोटोंत अशी माणसं कमी असतात. कॅमेरा फार उंच लावला तर नुसतं डोकं आणि खांदे दिसतात, तेही इवलेसे. त्यामुळे कितीही हुशार कॅमेरा असो, दाराचा मॅग्नेटिक सेन्सर मी काढू देत नाही.

तुमच्याकडे अशी यंत्रणा बसवली, तर पैसे चुकते करण्याआधी रात्री दिवे घालवा. बसवणाऱ्याला रेनकोट घालून कंपाउंडपासून दारापर्यंत वाकून चालायला सांगा, मग रांगायला सांगा. सायरन वाजला नाही तर बिल थांबवा.