रोजचे वीस, वर्षाचे किती?

सेनगाव, कळमनुरीहून एसटीनं हिंगोलीला कॉलेजला येता ना? विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत मिळते. पण वाचलेला पैसा टिकतो का? स्टँडवर चहा, वडापाव. स्कॅन केलं की झालं! रोज फक्त २० रुपये धरा. महिन्याच्या २५ दिवसांचे ५००, वर्षाचे ६,०००.

आपल्याकडं हळद हाती यायला आठ-नऊ महिने लागतात. घरात पैसा हंगामाला येतो, तुमचा खर्च मात्र रोजचा. म्हणून काय चहा सोडायचा? मुळीच नाही. पॉकेटमनी आला की आधी १०० रुपये बाजूला काढा. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तेवढ्यावर सुरू होते. पुढं स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना घरी हात पसरावा लागणार नाही. उरलेल्यात मित्रांना चहा पाजा, बिनधास्त!