खुराड्याला वारा नको, हवा हवी

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा मुलखात परसदारी पहिल्यांदाच चार-सहा कोंबड्या पाळणारा माणूस हिवाळ्याआधी हमखास एक काम करतो: खुराड्याची प्रत्येक फट बुजवतो. खिडकीवर प्लॅस्टिक, दाराच्या कडेला रबर, छपराखालच्या झरोक्यात फोमचे बोळे. आपल्याला थंडी वाजते तशी त्यांनाही वाजत असणार, हा त्यामागचा हिशेब. आणि ऐन थंडीत बघावे तर तुऱ्यांची टोके काळी पडलेली, एखादी कोंबडी घरघरत श्वास घेते आहे.

हिशेब चुकतो तो कोंबडीला ओळखण्यात. तिच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून ती त्यांच्यात हवेचा थर धरून ठेवते आणि ही कोरडी, स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शिवाय मोठी कोंबडी सुमारे 10 वॉट उष्णता सतत बाहेर टाकते. म्हणजे सहा कोंबड्या दांडीवर शेजारी शेजारी बसल्या की खुराड्यात जुना पिवळा 60 वॉटचा बल्ब रात्रभर जळत असल्यासारखेच. पूर्ण पिसे आलेली धडधाकट कोंबडी कोरड्या थंडीला सहसा दाद देत नाही.

तिला नडते ती ओल. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यातले थोडे अंड्यात जाते. उरलेले श्वासावाटे आणि विष्ठेवाटे खुराड्यातच परत येते. सहा कोंबड्यांचे मिळून रोज लिटरभर तरी झाले. थंड हवेला ही वाफ पेलत नाही. 20 अंशांना एक घनमीटर हवेत सतरा ग्रॅम वाफ मावते, उणे 10 अंशांना जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम. उरलेली वाफ गार पत्र्यावर थेंब होऊन बसते, गोठते, दिवसा वितळून खाली ठिबकते. तुऱ्याला पिसांचे पांघरूण नसते. तो ओलसर झाला की गोठायला वेळ लागत नाही.

दुसरे दुखणे अमोनियाचे. पक्ष्यांना वेगळी लघवी होत नाही. विष्ठेवर दिसणारा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा वायू श्वासनलिकेतली सूक्ष्म केसांची झालर निकामी करतो, आणि मग सर्दी-खोकल्याच्या रोगांना रान मोकळे.

म्हणून झरोके बुजवायचे नाहीत. फक्त ते दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या वर, छपरालगत असावेत. दमट, उबदार हवा वर चढते आणि तिथून निघून जाते; झोताचा वारा मात्र अंगाला लागत नाही. हे काही आजचे शहाणपण नव्हे. प्रिन्स टी. वूड्स या अमेरिकी डॉक्टरने 1912 साली सर्व हवामानांसाठी उघड्या खुराड्यांचे पुस्तकच लिहिले. त्याच्या खुराड्याची दक्षिणेची बाजू नुसत्या जाळीची, हिवाळ्यातही उघडी. बाकी तिन्ही भिंती घट्ट आणि कोंबड्यांची दांडी पार मागे. वाऱ्याला पलीकडून बाहेर पडायला वाट नसल्याने तो आत घुसत नाही, आणि दक्षिणेचे ऊन मात्र थेट आत येते. बर्फाच्या देशात एक भिंत उघडी ठेवायची, हे ऐकून लोकांना काय वाटले असेल ते असो, युक्ती चालते.

तुऱ्याचा प्रश्न क्यूबेकच्याच ओका मठातल्या एका धर्मबंधूने जातीपासून सोडवायला घेतला. विल्फ्रिड शातेलँ हे त्यांचे नाव. लेगहॉर्नचा मोठा तुरा गरम प्रदेशात अंग थंड ठेवायला उपयोगी. कॅनडात तोच गोठतो. 1908 पासून त्यांनी कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट अशा जातींचे संकर करत शांटक्लेर ही कोंबडी घडवली. तिचा तुरा डोक्याला चिकटलेला, छोटा. गळ्याखालचे लाल कल्लेही नावापुरते. 1921 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला जात म्हणून मान्यता दिली.

नवख्याने करायच्या बाकी गोष्टी साध्या आहेत. बसायची दांडी गोल बांबूची नको. चार इंच रुंद फळी सपाट बाजू वर करून लावावी, म्हणजे कोंबडी बसली की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. जमिनीवर लाकडाच्या भुश्याची जाड गादी हवी, ओली झाली की वर कोरडा थर. खाद्य थोडे जास्त लागते, कारण ऊब त्यातूनच तयार होते. पाणी गोठते, ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे. उष्णतेचा लाल दिवा मात्र टांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे: 250 वॉटचा दिवा, कोरडा भुसा आणि उडणारा पक्षी एकत्र आले की आग लागते, आणि तशा आगी दर हिवाळ्यात लागतात.

अंडी कमी होतात ती थंडीपेक्षा अंधारामुळे. कोंबडीच्या मेंदूतल्या पेशींना कवटीतून झिरपणारा उजेड कळतो, आणि भरपूर अंड्यांसाठी दिवस चौदा तासांचा लागतो. माँट्रियलमध्ये डिसेंबरचा दिवस नऊ तासांचाही नसतो. बल्ब लावायचाच तर पहाटे लावावा. संध्याकाळी तो एकदम विझला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की परसातल्या खुराड्याला गोणपाट आणि ताडपत्री गच्च गुंडाळण्याची घाई इथेही होते. पडदा खालून वर ओढा आणि छपराखाली हात-दीड हात जागा मोकळी सोडा. सकाळी दार उघडल्यावर उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घेऊन बघा. डोळे चुरचुरले, तर ओले तूस त्याच दिवशी बदला आणि पडदा आणखी खाली घ्या.